सॅन वॉन बेटांमध्ये दोघांनी आठवडाभर बोटीने फिरायचं तर

सिएटल, बेलव्ह्यू, रेडमंड भागातल्या मराठी मंडळींना सॅन वॉन बेटं फेरीबोटीतून माहीत असतात. गाडी फेरीत चढवायची, फ्रायडे हार्बरला जेवायचं, संध्याकाळी परत. पण फेरी थांबते लोपेझ, शॉ, ऑर्कस आणि सॅन वॉन या चारच बेटांवर. सूशिया, स्टुअर्ट, जोन्स, पेटॉस इथे जायचं तर बोट स्वतःची हवी किंवा भाड्याची. ॲनाकॉर्टेस आणि बेलिंगहॅम या दोन्ही गावांत खलाशाशिवाय आठवड्याच्या बोलीवर बोटी मिळतात. इथे आम्ही ॲनाकॉर्टेसहून निघणाऱ्या, दोघांनीच चालवायच्या सात दिवसांच्या सफरीचा विचार केला आहे.

बोट केवढी घ्यावी

शीड असो वा नुसतं इंजिन, दोघांना ३० ते ३४ फूट पुरे. याहून मोठी बोट आरामाची वाटते, पण वारा वाढल्यावर धक्क्यापासून दूर सरकणारी ४२ फुटी बोट एका माणसाला दोराने ओढून धरता येत नाही. उन्हाळ्यात इथे वारा बऱ्याचदा पडलेला असतो, त्यामुळे शिडाची बोट घेतली तरी निम्मा प्रवास डिझेलवरच होतो.

१ जानेवारी १९५५ नंतर जन्मलेल्या आणि १५ किंवा जास्त हॉर्सपॉवरची बोट चालवणाऱ्या माणसाकडे वॉशिंग्टन राज्याचं बोटर एज्युकेशन कार्ड लागतं. अभ्यासक्रम ऑनलाइन होतो. कार्ड दोघांनीही काढा. बोट देणारे याखेरीज तुमचा पूर्वानुभव लिहून मागतात. तो तोकडा असेल तर पहिले एक-दोन दिवस पगारी कॅप्टन बरोबर घ्यायची सोय असते. ते पैसे वाचवू नका. त्या वेळात शिडं, जेवण, फोटो सगळं बाजूला ठेवून फक्त धक्क्याला लावणं आणि नांगर टाकणं शिकून घ्या, आणि तेही दोघांनी आलटून पालटून.

मराठी घरांत सुकाणू नवऱ्याकडे आणि दोर बायकोकडे अशी वाटणी न बोलता होऊन जाते. ती उलटी करून पाहा. चाक फिरवायला जोर लागत नाही, दोर ओढायला लागतो.

बोट ताब्यात घेताना दोन-तीन तास काढून या गोष्टी स्वतः हाताने करून बघा: गॅसची मुख्य चावी आणि आतला स्विच, इंजिन सुरू आणि बंद करण्याचा क्रम, नांगराचं विजेचं चाक आणि त्याचा ब्रेकर, पाण्याच्या टाक्या बदलण्याची चावी, संडासाचा पंप, आणि बोटीच्या तळाशी साचणारं पाणी उपसणारा बिल्ज पंप. आणखी एक प्रश्न हमखास विचारा: खोली दाखवणारं यंत्र पाण्याच्या पृष्ठभागापासून मोजतं की बोटीच्या तळापासून? वेगवेगळ्या बोटींवर ते वेगवेगळं लावलेलं असतं, आणि पाच फुटांचा हा फरक कळतो तेव्हा बोट चिखलात रुतलेली असते.

वेळापत्रक पाण्याचा प्रवाह ठरवतो

नवख्यांचं सगळ्यात जास्त चुकतं ते इथे. नकाशावर दहा सागरी मैल दिसतात, बोट सहा नॉटने, म्हणजे तासाला सहा सागरी मैल जाते, म्हणून पावणेदोन तास, असा हिशोब मांडतात. बेटांमधल्या चिंचोळ्या वाटांतून भरती-ओहोटीचं पाणी नदीसारखं वाहतं. अडीच नॉटचा प्रवाह समोरून आला तर तुमचा खरा वेग साडेतीन, आणि त्याच दहा मैलांना पावणेतीन तासांहून जास्त. तोच मागून आला तर साडेआठ नॉट, आणि सव्वा तासाच्या आत पोचता. डिझेलचा फरक वेगळाच.

ढोबळ नियम असा की भरतीचं पाणी बेटांमधून उत्तरेकडे जातं आणि ओहोटीचं दक्षिणेकडे. सॅन वॉन खाडीच्या दक्षिण तोंडाशी असलेल्या कॅटल पासला (पास म्हणजे बेटांमधली चिंचोळी वाट) जोराच्या दिवसांत पाच नॉटच्या आसपास ओढ असते. डिसेप्शन पासला ती आठ नॉटपर्यंत जाते. पहिल्या सफरीत हा पास वाटेत येऊच देऊ नका.

भरतीचं कोष्टक आणि प्रवाहाचं कोष्टक वेगळं असतं, दोन्ही बघायची. पाणी सर्वांत उंच असतं त्याच क्षणी ते थांबतं असं गृहीत धरू नका. कित्येक ठिकाणी भरती पूर्ण झाल्यावरही तास-दीड तास पाणी आत शिरतच राहतं. कुठल्याही अरुंद वाटेसाठी त्या वाटेचीच 'स्लॅक'ची, म्हणजे पाणी थबकण्याची, वेळ काढा आणि तिच्या आगेमागे अर्ध्या तासात पार व्हा.

कोकणातल्या भरतीच्या सवयीवरही विसंबू नका. इथे दिवसातल्या दोन भरत्या आणि दोन ओहोट्या एकमेकींपेक्षा बऱ्याच वेगळ्या असतात. एक ओहोटी जेमतेम चार फुटांची, तर दुसरी दहा-अकरा फुटांची. उन्हाळ्यात ही मोठी ओहोटी दिवसा येते. सकाळी पूर्ण पाण्याखाली असलेला कातळ दुपारी उघडा पडतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ सर्वांत जास्त, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमारास, कमी. तारखा हातात असतील तर भांगाचा आठवडा निवडा.

वाऱ्यासाठी व्हीएचएफ रेडिओच्या हवामान चॅनलवर रोज सकाळी अंदाज ऐका. बेटांच्या आतल्या पाण्याचा अंदाज वेगळा आणि दक्षिणेच्या वॉन द फ्युका सामुद्रधुनीचा वेगळा सांगतात. दुपारी त्या सामुद्रधुनीत पश्चिमेचा वारा चढतो. ओहोटीचं पाणी त्याच्या तोंडावर आलं की लाटा उंच, आखूड आणि उभ्या होतात. अशा पाण्यात कपाटं उघडून भांडी जमिनीवर येतात. २१ ते ३३ नॉट वाऱ्याला लहान बोटींसाठी इशारा देतात. नवख्या जोडप्याने १५ नॉटच्या वर नांगर उचलूच नये. ऑगस्टमध्ये सकाळी दाट धुकं पडतं, बहुधा दुपारपर्यंत विरतं. तोवर कॉफी करा. रडार आहे म्हणून निघायचं नसतं, ते वाचता येत असेल तर निघायचं.

पहिला धडा: पाण्यात पडलेला माणूस

दोघांच्या बोटीवर एक पडला की उरतो एक. म्हणून दोघांनाही एकेकट्याने बोट थांबवता, वळवता आणि रेडिओ लावता आला पाहिजे. भर उन्हाळ्यातही पाणी १० ते १३ अंश सेल्सिअस असतं. पडल्याबरोबर श्वास आवरत नाही, पहिलं मिनिट फक्त तोंड पाण्याबाहेर ठेवण्यात जातं. पुढच्या दहाएक मिनिटांत हाताची बोटं कामातून जातात आणि दिलेला दोरही पकडता येत नाही. पोहता येतं की नाही याला फारसा अर्थ राहत नाही. डेकवर असाल तेवढा वेळ लाइफ जॅकेट अंगावर हवं.

पहिल्या दिवशी मोकळ्या पाण्यात एक फेंडर, म्हणजे बोटीच्या कडेला लावायची हवेची उशी, फेकून सराव करा. एकाने फेंडरकडे हात दाखवत नजर हलू द्यायची नाही, दुसऱ्याने बोट वळवायची. मग एकट्याने सगळं. वाऱ्याच्या तोंडावर हळू यायचं, माणूस शेजारी आला की गिअर न्यूट्रल. मागची शिडी पाण्यातून ओढून खाली घेता येते का हेही बघा, काही बोटींवर ती फक्त वरूनच सुटते.

रेडिओवर झाकणाखाली लाल बटण असतं. झाकण उचलून ते काही सेकंद दाबून धरलं की तुमचं ठिकाण आपोआप जातं. मग चॅनल १६ वर 'मेडे' तीनदा, बोटीचं नाव, अक्षांश-रेखांश, काय झालं, माणसं किती. ही वाक्यं इंग्रजीत कागदावर लिहून रेडिओशेजारी चिकटवा. घाबरल्यावर येतं तेही आठवत नाही.

धक्क्याला लावणं

मरिनात शिरायच्या आधी रेडिओवर जागा विचारा: फ्रायडे हार्बर चॅनल ६६ए, रोश हार्बर ७८ए. जागा कुठल्या बाजूची, हे कळल्यावरच फेंडर आणि दोर लावा. आधी लावलेले हमखास उलट्या बाजूला निघतात. एकाच पंख्याच्या (प्रॉपेलरच्या) बहुतेक बोटींची शेपूट रिव्हर्स टाकल्यावर डावीकडे ओढली जाते. म्हणून डावी बाजू धक्क्याला लागेल अशी जागा मागा. शेवटचा रिव्हर्स तुमची बोट स्वतःच धक्क्याला टेकवतो.

पहिला दोर नाळेचा, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाचा नको, मधल्या क्लीटचा, म्हणजे दोर बांधायच्या खुंटीचा. दोरवाल्याने तो हातात घेऊन बोटीच्या मध्यावर उभं राहायचं, बोट धक्क्याला लागली की पाऊल टाकून उतरायचं, आणि धक्क्यावरच्या मागच्या क्लीटला एक वेढा द्यायचा. मग चाकावरच्याने हळूच फॉरवर्ड गिअर टाकला की बोट त्या एकाच दोरावर धक्क्याला चिकटून राहते, आणि बाकीचे दोर निवांत बांधता येतात. नाळेचा दोर आधी बांधला तर पुढची बाजू अडकते आणि मागची वाऱ्याबरोबर बाहेर फिरते, शेजारच्या बोटीवर.

उडी मारायची नाही. चुकली तर चुकली, फिरून परत या. बोट आणि धक्का यांच्यामध्ये हात-पाय घालायचा नाही, तिथे फेंडर घालतात. आणि ओरडायचं नाही. इंजिनाच्या आवाजात चाकावरच्याला नाळेवरचं ऐकू येत नाही, मग आवाज चढतो, मग चेहरे. कानात लावायचे दोन बिनतारी हेडसेट घ्या. या बेटांत फिरणारे त्यांना थट्टेने लग्न वाचवणारं यंत्र म्हणतात. ते नसतील तर पाच खुणा ठरवा: पुढे, मागे, न्यूट्रल, डावीकडे, उजवीकडे.

सरकारी बोया पकडणं

राज्याच्या सागरी उद्यानांत बोट बांधण्यासाठी तळाशी साखळीने जखडलेले तरंगते बोये असतात: पांढरे, निळ्या पट्ट्याचे, वर लोखंडी कडी. रात्रीचे साधारण १५ डॉलर, किनाऱ्यावरच्या पेटीत लिफाफ्यातून किंवा ऑनलाइन भरायचे. जागा आधी राखून ठेवता येत नाही, जो आधी येईल त्याचा. जुलै-ऑगस्टच्या शनिवारी सूशियाला दुपारी दोनच्या आत पोचा. सलग तीन रात्रींहून जास्त राहता येत नाही.

कडी पाण्यापासून फूट-दीड फुटावर असते आणि तुमची नाळ पाच फुटांवर. आडवं पडून हुकाने कडी उचलायचा प्रयत्न बहुतेक जण करतात. तो साखळीसकट बोया उचलता येत नाही, आणि हूक मात्र पाण्यात जातो. सोपी युक्ती अशी: वीस-पंचवीस फुटांचा दोर नाळेच्या क्लीटला बांधा, रेलिंगच्या बाहेरून मागे आणा, जिथे डेक पाण्याच्या सर्वांत जवळ आहे तिथपर्यंत. वाऱ्याच्या तोंडावर येऊन बोया त्या जागेशी आणा, गिअर न्यूट्रल, दोर कडीतून ओवा, आणि टोक हातात धरून चालत नाळेवर जा. मग दुसऱ्या क्लीटला बांधा. हे करताना दोर पाण्यात लोंबून पंख्याकडे जात नाही ना, हे चाकावरच्याने बघायचं. रात्रीसाठी दुसरा दोर घाला, कडीवर घासून एक तुटतो. बोयावर लिहिलेली बोटीच्या लांबीची मर्यादाही वाचा.

नांगर

बोया नसला की नांगर. किती साखळी सोडायची याचा हिशोब आत्ताच्या खोलीवर करत नाहीत, पुढच्या भरतीच्या खोलीवर करतात. समजा आत्ता १८ फूट पाणी आहे, रात्री भरतीने ९ फूट चढणार आहे, आणि नाळ पाण्यापासून ५ फुटांवर आहे. एकूण ३२. त्याच्या पाचपट, म्हणजे १६० फूट. साखळीवर दर २५-३० फुटांना रंगाच्या खुणा असतात, त्यांचा अर्थ बोट घेतानाच लिहून घ्या.

उलट हिशोबही तितकाच महत्त्वाचा. भरतीच्या वेळी १८ फुटांत नांगर टाकला आणि पाणी ११ फूट उतरलं, तर उरले ७ फूट. तळ साडेपाच फूट खाली असलेली शिडाची बोट तिथे दीड फुटावर तरंगते, आणि एखादा दगड असला तर तरंगतही नाही.

तळ चिखलाचा हवा. समुद्री गवतात नांगर रुतत नाही आणि गवताचाही नाश होतो. ठरल्या जागेवर वाऱ्याच्या तोंडावर थांबा, नांगर तळाला टेकवा, बोट मागे जाऊ लागली की साखळी सोडा, ढीग टाकू नका. अर्धी सोडल्यावर थोडं थांबा, ताण येऊ द्या. सगळी सुटल्यावर हळूहळू रिव्हर्स वाढवा आणि अर्धा मिनिट किनाऱ्यावरची दोन झाडं एका रेषेत धरून बघा. रेषा हलत नसेल तर नांगर बसला. साखळीवर हात ठेवला तर घसरणारा नांगर खडखडत असल्याचं तळहाताला कळतं, बसलेला स्तब्ध असतो. पहिल्यांदा न बसणं नेहमीचंच आहे. नांगर ओढणारं विजेचं चाक इंजिन चालू असतानाच वापरा, बॅटरी एका खेपेत बसवण्याची त्याची ताकद असते.

सात दिवस

ॲनाकॉर्टेसहून गेमिस खाडीतून बाहेर पडून रोझारिओ सामुद्रधुनी ओलांडायची. इथून तेलवाहू जहाजं जातात. ती दूर दिसतात तेवढी दूर नसतात. थॅचर पासमधून आत शिरलं की लोपेझच्या स्पेन्सर स्पिटला बोये आहेत. पहिली रात्र तिथे. या पासमधून फेरीही येते, तिच्या पुढून जायचं नाही. दुसऱ्या दिवशी फ्रायडे हार्बर: किराणा, पाणी, डिझेल.

तिसऱ्या दिवशी जोन्स बेटाजवळून स्टुअर्ट. वाटेजवळचं वास्प पॅसेज नकाशावर छोटं आणि गोड दिसतं, पण फेरीची वाट आणि कातळांची पेरणी एकाच ठिकाणी आहे. पहिल्या खेपेला सॅन वॉन खाडीतूनच जा. स्टुअर्टच्या रीड हार्बरमध्ये दोन रात्री काढा. एक दिवस टर्न पॉइंटच्या १८९३ सालच्या दीपगृहापर्यंत चालत जाण्यासाठी, जाऊन येऊन पाच-सहा मैल. त्या टोकाखालचं पाणी वरून बघा, भोवरे म्हणजे काय ते कळेल. या बाजूला फोन कॅनडाचा टॉवर पकडतो, रोमिंग बंद ठेवा. समोर दिसणाऱ्या कॅनडाच्या बेटांवर पहिल्या सफरीत जाऊ नका. भारतीय पासपोर्टवाल्यांना व्हिसाचा प्रश्न आणि दोन्ही देशांत नोंदणीचा वेळ, आठवड्यात बसत नाही.

पाचवा-सहावा दिवस सूशिया. भोवती खडकांच्या रांगा आहेत, म्हणून फॉसिल बे किंवा एको बे या दक्षिण-पूर्वेच्या तोंडांनी, नकाशावर बोट ठेवून शिरा. किनाऱ्यावरच्या दगडांत शिंपल्यांचे जीवाश्म उघडे दिसतात. २०१२ मध्ये इथेच वॉशिंग्टन राज्यातलं पहिलं डायनासोरचं हाड सापडलं. उचलून आणणं मात्र गुन्हा आहे.

वाटेत देवमासे दिसले तर पाठलाग नको. इथल्या दक्षिणी रहिवासी ऑर्कांपासून (किलर व्हेलच्या इथल्या कळपांपासून) १,००० यार्ड दूर राहण्याचा राज्याचा कायदा १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे. ४०० यार्डांच्या आत तेच आले तर गिअर न्यूट्रल करून थांबायचं.

संडास, पाणी, स्वयंपाक

२०१८ पासून प्युजेट साउंड आणि ही सगळी बेटं मैला न सोडण्याचा प्रदेश आहेत. म्हणजे सगळं टाकीत. २५-३० गॅलनची टाकी दोघांना चार-पाच दिवस पुरते, विजेचा फ्लश सढळ हाताने वापरला तर तीनच. कागदसुद्धा वेगळ्या पिशवीत टाका. तुंबलेला पाइप सोडवणं हे काम कुणाच्या वाट्याला येईल यावरून होणारी चर्चा टाळलेली बरी. चौथ्या दिवसाच्या आसपास रोश किंवा फ्रायडे हार्बरला टाकी रिकामी करून घ्या. सागरी उद्यानांत पिण्याच्या पाण्याचा भरवसा नाही आणि कचरापेट्याही नाहीत, कचरा परत न्यायचा.

तीन लिटरचा कुकर न्या. गॅस कमी लागतो, झाकण बंद असल्याने बोट हलली तरी सांडत नाही, आणि वाफ कमी. थंड बोटीत वाफ धरली की रात्री छतावरून थेंब पडतात. पोळ्या करायचा हट्ट सोडा. चार दिवसांच्या घरून आणा, पुढे खिचडी, पिठलं, भात. स्वयंपाक झाल्यावर गॅसचा स्विच बंद.

आणि कुर्ल्या. डंजनेस खेकडा मालवणी रश्श्यात उत्तम लागतो. दोघांना वेगवेगळा परवाना, खेकड्यांची परवानगी आणि नोंदपत्रक लागतं. मोसमाच्या तारखा दर वर्षी बदलतात, त्या बघूनच जा. उन्हाळ्यात मंगळवारी आणि बुधवारी बंदी असते. माणशी रोज पाच, फक्त नर, कठीण कवचाचे, पाठीवर सव्वासहा इंच. नराच्या पोटावरची पट्टी अरुंद, मादीची रुंद. पिंजऱ्याला सुती दोरा असावाच लागतो, म्हणजे पिंजरा हरवला तर दोरा कुजून खेकडे सुटतात. पिंजऱ्याचा बोया अर्धा लाल, अर्धा पांढरा. दोर जड, बुडणारा घ्या. तरंगणारा दोर दुसऱ्याच्या पंख्यात जातो, बऱ्याचदा तुमच्याच. पकडल्याबरोबर पत्रकात लिहा, रस्सा नंतर.

रोज सकाळी दहा मिनिटं

इंजिन थंड असताना तेल, कूलंट, पट्टा, तळातलं पाणी बघा. समुद्राचं पाणी गाळणारी जाळी उघडा. गवत आणि जेलीफिशने ती भरते आणि इंजिन तापतं. सुरू केल्यावर मागच्या नळीतून पाणी थुंकतंय का ते पाहा. थुंकत नसेल तर लगेच बंद. चालताना एकाची नजर सतत पुढे हवी. उधाणाच्या भरतीनंतर किनाऱ्यावरचे ओंडके पाण्यात येतात, काही उभे तरंगतात आणि वितभरच वर दिसतात. तपकिरी केल्पचे (लांब समुद्री शेवाळाचे) गोळे दिसले की खाली कातळ आहे असं समजून वळा.

बोटीसोबतच्या छोट्या होडीने किनाऱ्यावर जाताना तिचा दोर लांब ठेवा आणि भरतीच्या खुणेच्या वर, एखाद्या ओंडक्याला बांधा. तीन तासांनी परत याल तेव्हा पाणी चढलेलं असलं तर होडी तरंगत वाट बघेल. उतरलेलं असलं तर शंभर फूट चिखलातून ओढायची तयारी ठेवा. म्हणून हलकी होडी आणि गमबूट.

सातव्या दिवशी रोझारिओ ओलांडायची वेळ आदल्या रात्रीच प्रवाह बघून ठरवा. बोट परत द्यायची वेळ बहुधा दुपारची असते आणि डिझेलच्या पंपावर रविवारी रांग लागते, तेव्हा तासभर आधी पोचा. डिझेल भरा, मैल्याची टाकी रिकामी करा. आठवड्यात जे जे बिघडलं, चिकटलं, गळलं ते तारखेसह कागदावर लिहून द्या, तुम्ही केलेला ओरखडाही. अनामत रकमेचा वाद बहुतेक वेळा न सांगितलेल्या ओरखड्यावरून होतो.